शेंगेची लांबी आणि भाजीचे वजन



आम्हाला या व्यासपीठावर बोलावले म्हणजे मजुरी, बोनस किंवा संप यांपैकी काहीतरी कानावर पडणार, अशी आपली समजूत असेल. आजचा विषय मात्र चवळीच्या शेंगांचा आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून एका स्नेह्यांनी आम्हाला विचारले, "युनियन सोडून शेती धरलीत की काय?" युनियन आम्ही सोडलेली नाही आणि शेती आमच्यापाशी कधी नव्हतीच. इचलकरंजीत आमच्या कचेरीच्या मागे वीस-बावीस हात लांबीची एक भिंत आहे. त्या भिंतीच्या कडेने दोन पावसाळे आम्ही लांब शेंगेच्या चवळीचे वेल वाढवले, निरनिराळ्या वाणांची तुलना केली, पहिल्या वर्षी सपशेल फसलो आणि दुसऱ्या वर्षी थोडे शहाणे झालो. त्या दोन वर्षांचा हा हिशेब आहे. ज्यांच्या घरी परसू किंवा गच्ची आहे त्यांना तो उपयोगी पडावा. ज्यांना दोन माणसांची तुलना करण्याचे काम पडते त्यांनाही तो उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

आधी नावांचा गुंता सोडवू. मंडईत आपण सरसकट 'शेंगा' म्हणतो, पण त्यांची घराणी वेगवेगळी आहेत. वाल आणि पावटा हे आपल्याकडे फार जुने. श्रावणघेवडा, ज्याला फरसबीही म्हणतात, तो मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय दर्यावर्दी तिकडे पोचल्यानंतरच तो जगभर पसरला. चवळी या दोघांहून निराळी. तिचे मूळ आफ्रिकेत आहे आणि तेथून ती प्राचीन काळीच आपल्या देशात आली. गोव्यात ज्याला अळसांदे म्हणतात ती चवळीच, आणि मोड आणून उसळ करतो तीही चवळीच. या दाण्याच्या चवळीची शेंग वीतभर असते. ती पूर्वेकडे आग्नेय आशियापर्यंत गेली तेव्हा तेथल्या लोकांना दाण्यापेक्षा कोवळ्या शेंगेची गोडी अधिक वाटली. ज्या वेलाची शेंग लांब आणि मांसल, त्याचेच बी पुढच्या वर्षासाठी ठेवायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि त्यातून लांब शेंगेची वेलवर्गी चवळी तयार झाली. कोकणात तिला काही ठिकाणी वाली म्हणतात. दाण्याची चवळी आणि ही लांब चवळी एकाच जातीच्या आहेत. वेगळेपण माणसाच्या निवडीने आलेले आहे.

तिच्या नावांतही लांबीचेच कौतुक आहे. लिनीअसने १७६३ मध्ये तिला जे लॅटिन नाव दिले त्याचा अर्थ 'दीड फुटी' असा होतो. इंग्रजांनी तिला 'यार्डलाँग' म्हणून एकदम तीन फुटांवर नेऊन ठेवले. वास्तविक पाहता बहुतेक वाणांची शेंग फूट-सव्वाफुटापासून दोन-अडीच फुटांपर्यंतच असते. बेंगळूरुजवळ हेसरघट्टा येथे भारतीय बागवानी संशोधन संस्था आहे. तिने काढलेल्या 'अर्का मंगला' या वाणाची शेंग सुमारे ८० सेंटिमीटर भरते. म्हणजे ही लांबीत अग्रगण्य, तरी तीन फुटांना काही कमीच. लांबीची फुशारकी या पिकाच्या जन्मापासूनच त्याला चिकटली आहे, आणि आम्हीही तिलाच भुललो.

आता लागवडीविषयी थोडक्यात सांगतो. चवळीला ऊब हवी. थंडीत बी उगवायला रडते. फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाच्या तोंडी जून-जुलै, हे पेरणीचे दिवस. एका आळ्यात दोन-तीन बिया बोटाच्या एका पेराइतक्या खोल टोचाव्यात. चार-सहा दिवसांत कोंब वर येतो. मग जोमाची दोन रोपे ठेवून बाकीचे उपटावे. वेलाला सहा-सात फूट उंचीचा मांडव, जाळी किंवा काठी लागते. शेणखत बेताने घालावे. या कुळातल्या झाडांच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्रवायू बांधून झाडाला देतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी हे १८८० नंतरच्या काही वर्षांत सिद्ध केले. म्हणून युरियाचा हात सैल सोडला की वेल नुसता पानांनी माजतो आणि शेंगा मागे पडतात. आमच्या एका सभासदाने पहिल्या वर्षी चोरून युरिया घातला होता. त्याच्या आळ्यात हिरवळ पाहण्यासारखी होती. भाजी मात्र मिळाली नाही.

पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने फूल येते. ते सकाळी उमलते आणि ऊन चढले की मिटते. बहुधा एका देठावर दोन शेंगा जोडीने लोंबतात. फूल उमलल्यापासून दहा-बारा दिवसांत शेंग तोडणीला येते. आत दाणा फुगून बाहेरून गाठी दिसण्यापूर्वीच ती तोडली पाहिजे; नाहीतर साल भुसभुशीत आणि दोरकट होते. दुसरे असे की, वेलावर शेंग पिकू दिली की झाडाला आपले कार्य झाले असे वाटते आणि फुलणे मंदावते. दर दोन-तीन दिवसांनी तोडा करणाऱ्याला वेल अधिक देतो. मुंगळे दिसले म्हणून लगेच घाबरू नये. फुलांच्या दांड्यावर मधाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांसाठी ते येतात. पण त्यांच्याबरोबर काळा मावा दिसला, तर मात्र तो लगेच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा. तो रस शोषतो, आणि रोगही एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो.

इतकी माहिती आम्हाला पहिल्या वर्षी नव्हती. २०२२ च्या जूनमध्ये आमचा एक जॉबर राजापूरकडच्या आपल्या गावाहून वालीचे बी घेऊन आला. दुसऱ्या एका विणकराने बियाण्याच्या दुकानातून एक पाकीट आणले. त्यावरच्या चित्रात एका मुलाने आपल्या उंचीची शेंग हातात धरली होती. कोणाची चवळी सरस, यावर कचेरीत पैज लागली. भिंतीच्या एका टोकाला नळ आहे. तेथे पाकिटाचे बी लागले. दुसऱ्या टोकाला शेजारच्या इमारतीची सावली पडते. तेथे कोकणचे बी लागले. हे कोणी मुद्दाम केले नाही. जो आधी आला त्याने जवळची जागा घेतली, इतकेच. ऑगस्टअखेर पाकिटाच्या वेलाला सव्वादोन फुटांची एक शेंग आली. ती कचेरीत खिळ्याला टांगली, फोटो काढले आणि निकाल जाहीर झाला. जॉबर बिचारा खाली मान घालून बसला.

त्या वेळी कांडी भरणाऱ्या एक मावशी वर्गणी द्यायला आल्या होत्या. त्यांनी टांगलेल्या शेंगेकडे पाहिले आणि विचारले, "एक शेंग काय दाखवताय? भाजी किती झाली ते सांगा की." ते कोणालाच सांगता येईना, कारण वजन कोणी केलेच नव्हते. जाता जाता त्या आणखी म्हणाल्या, "आणि नळाखाली कोण होतं?" झाले. आमचा निकाल त्यांनी दोन प्रश्नांत रद्द केला.

येथे एका पुस्तकाची आठवण सांगणे भाग आहे. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानात. अशाच एका दुकानात आम्हाला एक इंग्रजी पुस्तक दिसले. त्याच्या पाठीवर 'वर्कर्स' हा शब्द होता, म्हणून कामगारांविषयी असेल या समजुतीने आम्ही ते विकत घेतले. घरी येऊन उघडतो तो 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स', म्हणजे शेतीसंशोधन करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्र! डॉ. पानसे आणि डॉ. पां. वा. सुखात्मे या दोघांनी लिहिलेला हा ग्रंथ प्रथम १९५४ मध्ये निघाला. पैसे वाया गेले म्हणून तो फळीवर पडून होता. मावशींच्या प्रश्नानंतर आम्ही तो खाली काढला. गणित निम्मे समजले नाही, पण मूळ विचार समजला, आणि तो मावशींच्या विचाराहून वेगळा नव्हता.

तो विचार असा. शेताचे दोन तुकडे कधीही सारखे नसतात. एकीकडे ओल अधिक, एकीकडे मुरूम वर आलेला, एकीकडे बांधाची सावली. म्हणून एका तुकड्यात एक वाण आणि दुसऱ्यात दुसरा वाण लावून तुलना केली, तर आपण वाण मोजतो की जमीन, हे कळत नाही. इंग्लंडमध्ये रोदमस्टेड येथे शेतीची एक जुनी प्रयोगशाळा आहे. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती तेथे नोकरीस लागला आणि त्याने यावर तोडगा बसवला. त्याचे तीन भाग आहेत. जमिनीचे असे पट्टे पाडावेत की एका पट्ट्याच्या आत जमीन शक्यतो सारखी असेल, आणि प्रत्येक पट्ट्यात सगळे वाण लावावेत. प्रत्येक वाण एकदाच न लावता अनेक ठिकाणी लावावा. आणि पट्ट्याच्या आत कोणता वाण कोठे जाणार, हे आपल्या मर्जीने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवावे. चिठ्ठीला ओळखदेख नसते. आपण स्वतः जागा वाटू लागलो की मनात नसतानाही आवडत्याला नळ मिळतो.

याच शास्त्रातला दुसरा एक मोठा माणूस, विल्यम गॉसेट, हा डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात नोकर होता. नोकरांनी आपल्या नावाने संशोधन प्रसिद्ध करण्यास कंपनीची मनाई होती, म्हणून १९०८ मध्ये त्याने आपला प्रसिद्ध निबंध 'स्टुडंट', म्हणजे 'विद्यार्थी', या टोपणनावाने छापला. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येते, हे त्याने दाखवले. आजही ती कसोटी 'स्टुडंट'च्याच नावाने चालते. नोकरदार माणसाची ही हकीकत आम्हाला फार जवळची वाटते.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही नव्याने मांडणी केली. भिंतीचे चार भाग पाडले. प्रत्येक भागात तीन आळी, प्रत्येक आळ्यात दोन वेल. एकूण चोवीस वेल. वाण तीन घेतले: कोकणची फिकट हिरवी, पाकिटातली गर्द हिरवी, आणि एका सभासदाच्या सासुरवाडीहून आलेली तांबूस शेंगेची. प्रत्येक भागासाठी डब्यातून तीन चिठ्ठ्या काढल्या, त्याही मावशींच्या हातून. पाणी मोजून, प्रत्येक आळ्याला तितक्याच तांब्यांनी. तोडा दर तिसऱ्या दिवशी, आणि किराणा दुकानातल्या काट्यावर वजन. वही कचेरीत टेबलावर उघडी ठेवली. ज्याला पाहिजे त्याने पाहावी.

हंगाम संपल्यावर बेरीज केली. कोकणची ९ किलो, पाकिटातली साडेआठ, तांबूस ६. एकूण साडेतेवीस किलो. मग हीच बेरीज भिंतीच्या चार भागांप्रमाणे मांडली. नळाकडच्या भागात ८ किलो, त्यापुढे ६, मग साडेपाच, आणि सावलीच्या टोकाला अवघी ४. आता आपणच पाहा. पहिल्या दोन वाणांत फरक अर्ध्या किलोचा. आणि जागेजागेत फरक दुपटीचा! मागल्या वर्षी जी पैज जिंकली ती पाकिटाने जिंकली नव्हती, नळाने जिंकली होती.

जॉबरला मोठा आनंद झाला. तो म्हणू लागला की कोकणची जिंकली. तेव्हा आम्हाला त्यालाही थांबवावे लागले. चार जागी लावून अर्ध्या किलोचा फरक दिसला, तर तो फरक आहे असे म्हणण्याइतका पुरावा आपल्यापाशी नाही. तांबूस मागे पडली, हे मात्र चारही भागांत दिसले, म्हणून ते मानण्यासारखे आहे. पुरावा असेल तेवढेच बोलावे, हे वाक्य लिहायला सोपे आहे. जिंकलेल्या बाजूला ते पाळणे फार अवघड जाते.

वजन हीच एक कसोटी आहे असेही नाही. पाकिटातली चवळी बावन्नाव्या दिवशी तोडणीला आली, तिने भराभर दिले आणि ती लवकर थकली. कोकणची साठाव्या दिवशी सुरू झाली, पण दसऱ्यानंतरही देत राहिली. ज्याला एकदम विकायचे आहे त्याला पहिली सोयीची. ज्याला घरी आठवड्यातून दोनदा भाजी हवी त्याला दुसरी. हंगामही पाहावा. काही गावठी वाण असे असतात की दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलतच नाहीत. ते उन्हाळ्यात लावले तर वेल छपरावर जातो आणि शेंग दिसत नाही. त्यात वाणाचा दोष नाही; आपण त्याला अवेळी कामावर बोलावले, हा आपला दोष.

चवीची परीक्षाही घेतली. तिन्ही वाणांची भाजी सारख्याच फोडणीची, सारखेच ओले खोबरे घालून केली आणि तीन पातेल्यांना नुसते आकडे दिले. कोणत्या आकड्यात काय, हे फक्त रांधणाऱ्या भगिनींना ठाऊक. जॉबरने मोठ्या खात्रीने दोन नंबरचे पातेले आपले म्हणून वाखाणले. ते पाकिटाचे निघाले! सगळे हसले, तोही हसला. तांबूस शेंग, जी वजनात मागे पडली होती, तिला सर्वांत जास्त मते मिळाली. आता कोणती चवळी सरस? आम्ही उत्तर देत नाही. कशासाठी सरस, हे आधी ठरवावे लागते.

एक गोष्ट परसातल्या माणसासाठी मुद्दाम सांगतो. चवळीच्या फुलात परागीकरण बहुतांशी आपल्या आपणच होते. त्यामुळे संकरित नसलेल्या वाणाचे बी घरी धरले तर पुढच्या वर्षी जवळजवळ तेच येते. जोमदार, निरोगी वेल हेरून त्याच्या काही शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात, बी खडखडीत वाळवावे आणि राखेत घोळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, म्हणजे भुंगा लागण्याची भीती कमी होते. एकच सर्वांत लांब शेंग पाहून बी धरू नये. सबंध वेल पाहून धरावे.

आता ज्या कारणासाठी आम्ही हा विषय निवडला ते सांगतो आणि संपवतो. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका यंत्रमाग कारखान्यात दोन विणकरांचा वाद आमच्यापुढे आला. दोघांकडे चार-चार माग, मजुरी मीटरवर. एकाचे कापड महिनोन्‌महिने कमी निघत होते. मालकाने वही पुढे केली. आकडे खरे होते. आम्ही ते दोनदा तपासले. वही खोटे बोलत नाही, असे म्हणून आम्ही त्या माणसाला काम सोडण्याच्या समझोत्यावर सही करायला लावली आणि खाली आमचीही सही केली. त्याचे माग शेडच्या टोकाला गळक्या पत्र्याखाली होते, सर्वांत जुने होते, आणि त्यांवर चढणाऱ्या बीमची तार सारखी तुटत होती, हे आम्हाला पुढे अनेक वर्षांनी कळले. वहीत मीटर लिहिलेले होते. माग कोणता आणि सूत कसले, हे लिहिलेले नव्हते. ते विचारणे आमचे काम होते.

कांडीवाल्या मावशींनी "नळाखाली कोण होतं" असे विचारले, त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पुढे आम्ही त्या माणसाचा शोध काढला. तो एका सोसायटीत रात्रपाळीचा पहारेकरी झाला होता. आम्ही सगळे सांगितले. तो रागावला नाही. इतकेच म्हणाला, "मालकानं विचारलं नाही, त्याचं काही वाटलं नाही. तुम्ही तरी विचारायला पाहिजे होतं, दादा." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

त्यानंतर अशाच स्वरूपाची एक तक्रार आली तेव्हा आम्ही एवढेच मागितले की, दोन्ही विणकरांनी पंधरा दिवस माग बदलून चालवावेत. मालक आठ दिवसांना तयार झाले. कमी उत्पादन बरेचसे मागांबरोबर गेले. म्हणजे दोष मुख्यतः यंत्राचा होता. सगळा नव्हता. थोडा फरक माणसाचाही होता, आणि तो आम्ही भर बैठकीत मान्य केला. आपल्या बाजूचा आकडा लपवला तर चिठ्ठी टाकण्यात काय अर्थ? त्या माणसाची नोकरी राहिली आणि मागांची दुरुस्ती झाली.

आपल्यांपैकी कोणी शिक्षक असतील, कोणी कचेरीत साहेब असतील, कोणी दोन मुलांचे आईबाप असतील. तुलना आपण सगळेच रोज करतो, आणि तिच्यावर कोणाची तरी भाकरी किंवा कोणाचा तरी मान अवलंबून असतो. ती करू नये असे आम्ही म्हणत नाही. तुलनेवाचून चांगले बी निवडता येत नाही. फक्त निकाल देण्यापूर्वी कांडीवाल्या मावशींचे दोन प्रश्न विचारावेत. सबंध भाजी किती झाली? आणि नळाखाली कोण होते?

येत्या जूनमध्ये ज्यांना बी हवे असेल त्यांनी कचेरीत यावे. तिन्ही वाणांचे डबे फळीवर आहेत. बी फुकट मिळेल. मात्र तोड्याचे वजन वहीत लिहून आणून दाखवावे लागेल.